हिरड्या सरकल्यात, ऑपरेशन करायचं का नाही? ठरवायचं कसं ते सांगते

सगळ्यात आधी एक सांगून टाकते म्हणजे घाबरत वाचायला नको. हिरडी सरकली म्हणून आज ठरवून उद्या ऑपरेशन करायलाच हवं अशी वेळ जवळपास कधीच येत नाही. त्यामुळे डेंटिस्टच्या खुर्चीत आ वासून पडलेलं असताना "ग्राफ्ट करून टाकू, गुरुवारी या" (ग्राफ्ट म्हणजे मूळ झाकायला किंवा हिरडी जाड करायला तिथे तुकडा लावायचं ऑपरेशन) असं कोणी म्हटलं तर "विचार करून कळवते" म्हणायला तुमच्याकडे भरपूर वेळ आहे. मी डॉक्टर नाही. खालच्या पुढच्या एका दाताला ग्राफ्ट करून घेतलाय, आणि वरचे दोन सुळे, ज्यांची हिरडी त्याच्याहूनही जास्त वर चढलीय, ते मुद्दाम तसेच ठेवलेत. लोकांना हे उलटं वाटतं, पण तसं नाहीये, का ते पुढे कळेल.

दुसरी बाजूही खरी आहे. मोठ्या माणसाची गेलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही. कुठलीही पेस्ट, तेलाच्या गुळण्या, तुरटी, हळद-मीठ, लवंगेचं तेल, काही म्हणजे काही तिला परत आणत नाही. सूज कमी होईल, रक्त थांबेल, वास कमी होईल, पण उघडं पडलेलं मूळ उघडंच राहतं. "लेझरने हिरडी वाढवून देतो" अशी जाहिरात दिसली की तिथूनच मागे फिरा, लेझरने हिरडी कापता येते, आतलं साफ करता येतं, नवी उगवत नाही.

म्हणजे प्रश्न "परत कशी आणू" हा नाहीच. प्रश्न असे आहेत की ती का गेली, अजून जातेय का थांबलीय, आणि गेल्यामुळे मला नेमका त्रास काय होतोय. ह्याच क्रमाने जायचं. बहुतेक जण शेवटून सुरू करतात, "किती पैसे लागतील" इथून.

का गेली?

आरशासमोर उभं राहा, चांगला उजेड घ्या आणि बघा कुठे कुठे गेलीय, कारण जागेवरून बरंच कळतं. उजव्या हाताने घासणाऱ्यांचं बऱ्याचदा डाव्या बाजूचा सुळा आणि त्यामागच्या छोट्या दाढा इथे जास्त गेलेलं असतं, कारण ब्रशचा पहिला जोर तिथेच पडतो. हिरडी गुलाबी, घट्ट, रक्त नाही, फक्त बाहेरच्या गालाकडच्या बाजूने खाली-वर झालेली, आणि दाताच्या मानेशी नख अडकेल अशी खाच, हे जोरात घासण्याचं लक्षण. आपल्याकडे अजून खूप घरांत हार्ड ब्रश "चांगला साफ करतो" म्हणून आणतात, त्यात लाल मंजन किंवा राखुंडी बोटाने खसाखसा घासायची सवय. दाताच्या वरच्या भागावर एनॅमल असतं ते कडक, मुळावर ते नसतं, त्यामुळे उघडं मूळ असल्या घासण्याने पटकन झिजतं.

सगळ्या दातांना सगळ्या बाजूंनी गेलीय, दोन दातांमधली त्रिकोणी हिरडी पण गेलीय आणि तिथे काळ्या फटी दिसतात, घासताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, एखादा दात हलतो, तर हा पायोरिया. इथे हिरडीच्या आतलं हाड गेलंय आणि हिरडी नुसती त्याच्यामागे गेलीय. ह्याचा रस्ता पूर्ण वेगळा आहे, त्यावर पुढे येते.

तिसरं म्हणजे तंबाखू. जिथे विडा ठेवतात, गुटखा दाबतात किंवा मिश्री लावून बसतात नेमकी तिथलीच हिरडी जाते. माझ्या सासूबाईंच्या पिढीत मिश्रीला कोणी तंबाखू मानतच नाही, "मी काही खात नाही गं, नुसती मिश्री लावते" असं डॉक्टरला पण बिनधास्त सांगतात. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच आहे. अशा जागी हिरडी गेलीय आणि शेजारी पांढरा किंवा लाल चट्टा आहे, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, तर ग्राफ्टचा विषय बाजूला ठेवा आणि तो चट्टा आधी दाखवा. घाई करायची असेल तर ती इथे करा.

बाकी कारणं पटापट सांगते. जन्मतःच पातळ हिरडी असणं (डेंटिस्टची मोजायची काडी, प्रोब, आत घातली तर आरपार दिसते इतकी पातळ), दात ओळीच्या बाहेर आलेला असणं, तारा लावून दात बाहेरच्या बाजूला सरकवले जाणं, ओठाच्या आतला पडदा खूप वर चिकटलेला असल्याने हिरडी ओढली जाणं, ओठाला किंवा जिभेला टोचून घातलेली रिंग, नीट न बसणारी काढती कवळी. माझ्या खालच्या दाताचं पातळ हिरडी अधिक बाहेर आलेला दात असं दुहेरी होतं.

कारण शोधण्यावर एवढा भर का, तर कारण तसंच राहिलं तर ग्राफ्ट केलेली हिरडी पण त्याच वाटेने जाते. पैसे, टाके, पंधरा दिवस खिमट खाणं, सगळं वाया. चांगला पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांचा डॉक्टर, ऑपरेशनच्या आधी तुमच्याकडून घासून घेऊन बघतो, अक्षरशः ब्रश हातात देऊन. त्याने ते केलं नाही तर तुम्हीच म्हणा की बघा मी कशी घासते.

सरकतेय का थांबलीय?

माझ्या मते अख्ख्या निर्णयातली हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि हीच कोणी तपासत नाही. पन्नाशीतल्या माणसाची दोन मिलिमीटर हिरडी वीस वर्षांपूर्वी गेली आणि तिथेच थांबली असेल तर तिला हात लावायची बहुतेक वेळा गरज नसते. पण पंचविशीतल्या मुलीची तीच दोन मिलिमीटर गेल्या वर्षभरात गेली असेल तर ती वेगळी केस. आरशात दोन्ही सारख्याच दिसतात.

म्हणून आकडे मागा. डेंटिस्टकडे खुणा असलेली बारीक काडी असते, प्रोब, तिने एका दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. दोन आकडे हवेत, हिरडी किती मिलिमीटर सरकली तो एक आणि हिरडीच्या आत खाच किती खोल आहे तो दुसरा. आतली खोली एक ते तीन असेल तर ठीक, चारच्या पुढे गेली की लक्ष द्यायचं. दोन्हींची बेरीज म्हणजे दाताचा आधार एकूण किती गेला. हे आकडे कागदावर लिहून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या वेळी डॉक्टर बदलला तर तुलना करायला हेच एक साधन राहतं.

घरी फोटो काढा दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला धरून. घरच्या घरी सुईने काडीने मोजायला जाऊ नका प्लीज. आणि जुने फोटो काढा, लग्नातले कॉलेजातले, जिथे दात दाखवून हसलाय ते मोठे करून बघा. मला माझे सुळे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फोटोत पण असेच दिसले, म्हणजे ते तेव्हाच जाऊन थांबलेले, म्हणून ते राहू दिले. खालचा दात मात्र दोन तपासण्यांत सरकलेला निघाला.

एक इथेच सांगते, ऑपरेशन न केलेली रिसेशन, म्हणजे सरकलेली हिरडी, वर्षानुवर्षं बघितली तर बऱ्याच जणांची हळूहळू वाढते, अगदी घासणं सुधारलं तरी थोडीथोडी. त्यामुळे "थांबलीय" म्हणजे कायमची विसरायची असं नाही, वर्षातून एकदा मोजायची. आणि लहान मुलांच्या, सात-आठ-दहा वर्षांच्या, खालच्या पुढच्या दाताची हिरडी उतरलेली दिसली तर लगेच ऑपरेशनचं बोलू नका, वाढीबरोबर दात जागेवर येतात तशी ती बऱ्याचदा सुधारते. साफ ठेवा आणि नजर ठेवा.

दोन वेगवेगळी ऑपरेशनं, लोक एकच समजतात

इथे इतका गोंधळ आहे की थोडं थांबून सांगते. आपल्याकडे कोणी "हिरड्यांचं ऑपरेशन" म्हटलं की बहुतेक वेळा ते पायोरियाचं फ्लॅप ऑपरेशन असतं. त्यात हिरडी उघडून आतलं कीटण आणि खराब भाग साफ करतात आणि परत शिवतात. त्याचा उद्देश दात वाचवणं, हिरडी वर आणणं हा नाही, उलट त्यानंतर सूज उतरून हिरडी आणखी खाली बसते, दात लांब दिसतात, फटी उघड्या पडतात. हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस म्हणतो "ऑपरेशनने बिघडलं". साध्या क्लीनिंगचं पण तेच, "सफाई केली आणि दात सैल झाले, फटी पडल्या" हे घरोघरी ऐकू येतं. प्रत्यक्षात फटीत कीटण भरलेलं होतं आणि हिरडी सुजून फुगलेली होती, ते गेल्यावर खरं चित्र दिसलं.

आपण बोलतोय ते दुसरं, मूळ झाकण्याचं किंवा हिरडी जाड करण्याचं, ज्याला ग्राफ्ट म्हणतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा की डॉक्टर, हे ऑपरेशन आतली खाच साफ करायला आहे का मूळ झाकायला. पायोरिया चालू असेल तर तो आधी आटोक्यात आणायचा, त्याच्याआधी ग्राफ्टला अर्थ नाही.

झाकलं किती जाईल?

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रिसेशनचे तीन प्रकार केलेत, आरटी१, आरटी२, आरटी३. जुने डॉक्टर मिलरचे क्लास एक ते चार सांगतील, ते १९८५ चं वर्गीकरण, तेही चालतं. सगळा खेळ दोन दातांच्या मधल्या जागेचा आहे. मधली त्रिकोणी हिरडी आणि हाड शाबूत असेल तर आरटी१, इथे मूळ पूर्ण झाकलं जाण्याची चांगली शक्यता असते. मधलं थोडं गेलं असेल, पण बाहेरच्या बाजूला जेवढं गेलंय तेवढं किंवा त्याहून कमी, तर आरटी२, कधी पूर्ण कधी अर्धवट. मधलं बाहेरच्यापेक्षा जास्त गेलं असेल तर आरटी३, इथे पूर्ण झाकायची अपेक्षा धरायचीच नाही.

असं का, तर मुळाच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नसतो. त्यावर ठेवलेला ग्राफ्ट जगतो तो आजूबाजूच्या हिरडीतून येणाऱ्या रक्तावर. पत्रा दोन बाजूच्या भिंतींवर टेकतो तसं आहे, भिंतीच ढासळल्या असतील तर पत्रा त्यांच्या उंचीच्या वर राहणार कसा. म्हणूनच विडी-सिगारेट-तंबाखू चालू असेल तर निकाल खराब येतो, रक्तवाहिन्या आकसतात. तंबाखू सोडायची तयारी नसेल तर निव्वळ दिसण्यासाठी ग्राफ्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, डॉक्टर कदाचित इतकं रोखठोक बोलणार नाहीत.

तर दुसरा प्रश्न, "माझा प्रकार कुठला आणि माझ्या दाताचं किती टक्के झाकलं जाईल?" उत्तर "बघू, चांगलंच होईल" असं आलं तर परत विचारा. आरटी१ मध्ये टाळूतली आतली उती घेऊन केलेल्या ग्राफ्टने सरासरी ८० टक्के किंवा त्याहून जास्त मूळ झाकलं जातं, पण सरासरीच ती, गॅरंटी नाही.

त्रास नुसता शिवशिवण्याचा असेल तर

तर ऑपरेशन ही पहिली पायरी नाहीच. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दिवसातून दोनदा, आणि ती दोन ते चार आठवडे सलग वापरायची. लोक चार दिवस वापरून "काही फरक नाही" म्हणून सोडतात. घासून झाल्यावर खळखळून चुळा भरत बसू नका, थुंका आणि राहू द्या. नाही थांबलं तर डेंटिस्ट फ्लोराइड वार्निश लावतो, पाच मिनिटांचं काम. दाताच्या मानेशी खोल खाच असेल तर दातांच्या रंगाचं फिलिंग.

पण फिलिंगच्या बाबतीत एक गंमत आहे जी आधी माहीत असलेली बरी. पुढे ग्राफ्ट करायची थोडी जरी शक्यता असेल तर ती गोष्ट फिलिंगच्या आधी बोला, कारण फिलिंग कुठपर्यंत भरायचं हे हिरडी कुठपर्यंत येणार ह्यावर ठरतं. आधी मूळभर फिलिंग करून टाकलं आणि मग ग्राफ्ट करायचं ठरलं तर ते खरवडून काढावं लागू शकतं.

खाण्याचंही थोडं आहे. एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं, उघडं मूळ मात्र ६.२ ते ६.७ लाच, म्हणजे बऱ्याच कमी आंबट गोष्टीनेही. कोकम सरबत, लिंबू सरबत, सोलकढी, चिंच, कोल्ड्रिंक बंद करा असं नाही म्हणत (सोलकढी बंद करायला मला कोणी सांगितलं तर मी डॉक्टर बदलेन), पण घोट घोट करत तासभर पिऊ नका, आणि प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-एक तास जाऊ द्या.

ब्रश मऊ, म्हणजे पाकिटावर सॉफ्ट किंवा एक्स्ट्रा सॉफ्ट लिहिलेला. मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरा, जोर आपोआप कमी होतो. हिरडीच्या कडेशी तिरका, ४५ अंशात ठेवून जागच्या जागी हलका हलवायचा आणि मग हिरडीकडून दाताकडे फिरवायचा. आडवं करवतीसारखं नाही. रात्री दात खायची सवय असेल तर तेही डॉक्टरना सांगा, नाईट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) लागेल का ते बघतील.

हे सगळं तीन-चार महिने मनापासून करून शिवशिवणं गेलं आणि आकडे तेवढेच राहिले तर बऱ्याच जणांचा निर्णय इथेच होतो, नको. माझ्या सुळ्यांचं हेच झालं.

मग करावं कधी?

आकडे वाढतायत, हे पहिलं आणि सगळ्यात ठोस कारण. दुसरं, त्या दाताखाली घट्ट हिरडीची पट्टीच उरलेली नाही, म्हणजे सैल लाल हलणारी त्वचा थेट दाताला लागलीय, ब्रश लावला की झोंबतं म्हणून तिथे घासलंच जात नाही, मग कीटण साठतं, सूज येते आणि आणखी सरकतं. हे चक्र तुटत नाही. साधारण दोन मिलिमीटर घट्ट हिरडी असली की बरं असं जुन्या अभ्यासापासून मानतात, पण कमी असूनही साफ आणि शांत असेल तर नुसत्या आकड्यासाठी करायची गरज नाही. माझा खालचा दात ह्या दोन्हीत बसत होता, सरकतही होता आणि झोंबतही होता. तिथे डॉक्टरनी आधीच सांगितलं की मूळ पूर्ण झाकलं जाणार नाही, पण जाड पट्टी तयार होईल आणि सरकायचं थांबेल. मला तेवढंच हवं होतं.

तिसरं, तारा लावायच्यात आणि पातळ हिरडीचा दात बाहेरच्या बाजूला सरकवायचाय, तर आधी ग्राफ्ट करणं शहाणपणाचं. उलट बाहेर आलेला दात आत घेणार असतील तर आधी तारा, हिरडी नंतर बघू, कधीकधी लागतही नाही. इथे तारावाले आणि हिरडीवाले दोघं डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत, तुम्हीच फोन जोडून द्या हवं तर.

चौथं, मुळाला कीड लागायला लागलीय किंवा सगळे उपाय करून पण कळ जात नाही.

पाचवं म्हणजे दिसणं. ह्याला कमी लेखू नका. हसताना तोंडावर हात जातो, फोटोत ओठ मिटले जातात, हेही कारणच आहे, "एवढ्यासाठी कशाला" म्हणणाऱ्या घरातल्यांकडे लक्ष देऊ नका. फक्त मग मोठ्याने हसा आणि आरशात बघा की तो दात मुळापर्यंत दिसतो का. मागच्या दाढेची हिरडी दिसण्यासाठी झाकून घेणं म्हणजे नुसता खर्च. आणि दिसण्यासाठी करत असाल तर आरटी१ च हवा, नाहीतर पदरात निराशा पडते.

आत्ता नको असं कधी म्हणायचं, तर पायोरिया चालू आहे, तोंड साफ नाही, तंबाखू चालू आहे, शुगर आटोक्यात नाही, गरोदरपण आहे (हे तातडीचं नाहीच, बाळंतपणानंतर बघा). रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका, ज्या डॉक्टरनी त्या दिल्यात त्यांना विचारूनच काय ते.

प्रकार थोडक्यात

टाळूच्या आतल्या थरातून छोटा तुकडा घेऊन दाताजवळच्या हिरडीखाली सरकवायचा आणि वरची हिरडी ओढून शिवायची, हा कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट. मूळ झाकायला अजून हाच सगळ्यात भरवशाचा मानतात. टाळूच्या वरच्या थरासकट तुकडा काढून लावायचा तो फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट, घट्ट पट्टी तयार करायला उत्तम पण रंग थोडा वेगळा, ठिगळासारखा दिसतो, म्हणून खालच्या पुढच्या दातांना चालतो, वर हसताना दिसेल तिथे नाही. टाळूला जखम नको असेल तर बाहेरून आणलेलं कोलाजेन किंवा तसलं मटेरियल वापरतात, एकाच वेळी खूप दात करायचे असतील तर सोयीचं, पण महाग. आपल्याकडे पीआरएफ पण खूप करतात, तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवून त्याची जाळी ठेवतात, बरं व्हायला मदत होते, पण हिरडी जाड करण्यात ती टाळूच्या ग्राफ्टची जागा घेत नाही. पिनहोल म्हणजे कॅलिफोर्नियाच्या जॉन चाओ ह्या डेंटिस्टने आणलेली पद्धत, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, छोट्या भोकातून हिरडी सैल करून सरकवायची, टाळूची जखम नाही. ऐकायला छान, योग्य केसमध्ये होतंही छान, पण मुळात पातळ हिरडी असेल तर फक्त सरकवून ती जाड होत नाही हे लक्षात ठेवा.

पद्धत कुठली हे डॉक्टरवर सोडा. तुम्ही एवढंच विचारा की हीच का, तुम्ही ही किती वेळा करता, आणि तुमच्या स्वतःच्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का. दहा दिवसांनंतरचे नाही, वर्षभरानंतरचे.

कोणाकडे आणि पैशाचं काय

हे काम पेरिओडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्या डॉक्टरचं. नेहमीच्या डेंटिस्टकडे बऱ्याचदा असे डॉक्टर ठरावीक दिवशी येतात, ते चालतं, फक्त टाके काढायला आणि मध्ये काही झालं तर कोण भेटणार ते विचारून ठेवा. दुसरं मत घ्यायला लाजू नका. सरकारी दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय आणि महापालिकेचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळीला. खाजगीपेक्षा खर्च बराच कमी, वेळ जास्त जातो, पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात आणि निवांत समजावून पण सांगतात. निदान मत घ्यायला तरी जाऊन या.

खाजगीत दर दाताप्रमाणे का एका भागाप्रमाणे, त्यात मटेरियल, एक्स-रे, पुढच्या तपासण्या धरल्यात का हे आधी लिहून घ्या. मेडिक्लेममधून मिळेल असं धरून चालू नका, बहुतेक पॉलिसींमध्ये अपघात सोडला तर दातांचं काम बसत नाही. परदेशातून सुट्टीत येऊन करणाऱ्यांनी आल्या आल्या पहिल्या आठवड्यात करा म्हणजे टाके इथेच निघतील, जायच्या आदल्या आठवड्यात करून विमानात बसू नका. आणि दिवाळीच्या तोंडावर कोणीच करू नका, समोर चकली-चिवडा आणि तुम्ही ताकभात.

करायचं ठरलंच तर

फक्त तेवढ्या जागेची भूल देतात, करताना दुखत नाही. नंतर गंमत म्हणजे दातापेक्षा टाळू जास्त दुखतो, गरम वरण लागल्यासारखा, आठवडाभर तरी. टाळूसाठी प्लास्टिकची पातळ प्लेट करून देता का विचारा, खूप फरक पडतो. टाळूतून रक्त आलं तर ओल्या गॉजने शांतपणे दाबून बसायचं, सारखं थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. सूज दोन-तीन दिवस वाढते मग उतरते. पहिल्या दिवशी गार ताक, दहीभात, नंतर मऊ खिचडी, गार केलेला उपमा. ठेचा, रस्सा, भाकरीचे पापुद्रे सगळं लांब.

आणि ओठ खाली ओढून बघायचं नाही! सगळ्यात जास्त मोह ह्याचाच होतो, आणि नेमक्या त्याच ताणाने टाके सुटतात, ग्राफ्ट हलतो. घरातल्यांना पण दाखवायचं नाही. टाळूचा तुकडा वर दिसेल असा लावला असेल तर पहिले काही दिवस तो पांढरट, मेल्यासारखा दिसतो, वरचा थर गळून जातो, घाबरायचं नाही, पण ताप आला, पू आला, सूज चौथ्या दिवसानंतर वाढतच गेली तर फोन करायचा.

तिथे दोन-तीन आठवडे ब्रश नाही, क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या, त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा प्यायलात तर जास्तच, ते क्लीनिंगने निघतात. बाकीचे दात मात्र घासायचेच. टाके दहा ते चौदा दिवसांत काढतात. ऑफिस दोन-तीन दिवसांनी सुरू करता येतं, पण शिकवायचं बोलायचं काम असेल तर आठवडा धरा.

पहिल्या महिन्यात जे दिसतं त्यावरून रागावू नका आणि खूशही होऊ नका. हिरडी बसायला, रंग जुळायला सहा महिने लागतात, काहींची वर्षभरात अजून थोडी आपोआप वर सरकते. सहा महिन्यांनी जाऊन परत तेच दोन आकडे मोजून घ्या, आणि सोडून दिलेल्या दातांचेही घ्या त्याच कागदावर.